पाटी गडावर नको, निरोप गुंजवण्यात द्या

ताईंना सप्रेम नमस्कार.

माझे बाबा गेल्या मार्गशीर्षात गेले. पिंपरीच्या एका कारखान्यात, टूलरूममध्ये त्यांची नोकरी झाली आणि रविवार सगळे डोंगरात गेले. राजगड तर दुसरं घर. गडाच्या पायथ्याला, गुंजवण्यात एका घरी त्यांचं जेवण ठरलेलं असायचं. शेवटची दोन वर्षं मात्र दमामुळे सोसायटीचा जिनाही चढवत नव्हता. पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध आहे. त्या दिवशी वाटायला चार पानांची स्मरणिका लिहायचं काम माझ्याकडे आलंय, कारण घरात मराठी घेऊन एम.ए. झालेली मीच. रोज बसते, 'प्रेमळ, हसतमुख, निसर्गप्रेमी' असं लिहिते आणि खोडते. त्यात खोटं काही नाही, पण ते कुणाच्याही बाबांना चालेल.

भाऊ बडोद्याला असतो. त्याला राजगडावर, पद्मावती माचीवर बाबांच्या नावाची काळ्या ग्रॅनाइटची पाटी बसवायची आहे. दगड पसंत करून झालाय. काका म्हणतात, रीतीप्रमाणे होतं तेवढं करा, बाकीची थेरं नकोत. थोड्या अस्थी तांब्याच्या डबीत ठेवल्यात, त्या बाबांच्या मित्रांना पद्मावती तळ्यात सोडायच्यात. आई कशातच बोलत नाही. तिचं जग वेगळं, दर कार्तिकीला पंढरपूर. परवा एवढंच म्हणाली, "तुमचे बाबा डोंगराचे. माझ्या वाट्याला चिखलाचे मोजे."

आणि एक गोष्ट घरात कुणाला सांगता येत नाही. मला त्यांचा राग येतो. माझा दहावीचा पहिला पेपर सोमवारी होता आणि आदल्या दिवशी ते रतनगडावर होते. लोक 'देवमाणूस' म्हणतात तेव्हा उठून जावंसं वाटतं. तसे ते वाईट नव्हते. रविवारी रात्री कितीही उशिरा आले तरी सोमवारचे आमचे डबे तेच करायचे, पहिली पाळी असली तरी. दिवाळीच्या सुट्टीत आम्हा सगळ्यांना पायथ्याच्या एखाद्या गावात न्यायचे. त्यांचा दोर, सॅक, नकाशे, वह्या अजून माळ्यावर आहेत. गुंजवण्यातल्या त्या घरी ते गेल्याचं कुणी कळवलं का, तेही आठवत नाही. काय लिहू आणि काय करू?

— एक मुलगी, चिंचवड

~

चिंचवडच्या ताई,

तुमची स्मरणिका तुम्ही या पत्रातच लिहून ठेवलीत आणि वर "तसे ते वाईट नव्हते" अशी पाटी लावून झाकून टाकलीत. डब्याचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. दिवसभर गड चढून-उतरून, शेवटची एसटी पकडून, स्वारगेटला उतरून तिथून चिंचवड गाठायचं, आणि दुसऱ्या दिवशी पहिली पाळी असताना रात्री ओट्यापाशी उभं राहायचं. हे करणारा माणूस कसा होता हे सांगायला 'प्रेमळ' या विशेषणाची गरज नाही, ते पुढे आलं की उलट आड येतं. स्मरणिकेचं पहिलं वाक्य हेच घ्या. फक्त डब्यात काय असायचं ते मला पत्रात सापडलं नाही. ते आठवा. बटाट्याच्या काचऱ्या? पोळ्या गोल व्हायच्या का? तुम्ही शाळेत डबा उघडल्यावर मैत्रिणी हसायच्या का? आठवत नसेल तर भावाला फोन करा. पाटीवरून तुमचं बोलणं ताणलं गेलं असेल, तर हा प्रश्न त्या फोनची बरी सुरुवात आहे.

आपल्याकडे मेलेल्या माणसाबद्दल लिहायचा एक साचा पडून गेलाय. जन्म अमुक गावी, शिक्षण तमुक, नोकरी, मग 'अत्यंत मनमिळाऊ', मग 'त्यांच्या जाण्याने निर्माण झालेली पोकळी'. वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिरातीत हे चालतं, तिथे दर ओळीला पैसे पडतात. तुमच्याकडे चार पानं आहेत. तुमच्या वडिलांच्या आयुष्यात वर्षांची मोजदाद कारखान्याच्या हजेरीपटाने झाली तशी वह्यांनीही झाली असणार. त्या वह्या माळ्यावर आहेत असं तुम्ही जाता जाता लिहिलंय. स्मरणिका लिहायला बसण्याआधी त्या खाली काढा, धूळ झटका आणि वाचा. अशा वह्यांत बहुधा भावना नसतातच. असतं ते असं: किती वाजता कुठून निघालो, टाक्याला पाणी किती होतं, वाट कुठे मोडली, वाटाड्याला किती रुपये दिले, कोण घसरलं. वाचताना तुम्हाला सुरुवातीला निराशा वाटेल की यात आम्ही कुठेच नाही. दम धरा. कुठेतरी 'लवकर उतरलो, घरी पाहुणे' असं काहीतरी निघेल.

कारवीच्या नोंदीही शोधा. कारवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलते, उतारच्या उतार निळे-जांभळे होतात, मग बी धरते आणि वाळून जाते. मुरलेला डोंगरभटक्या हा बहर चुकवत नाही आणि लिहिल्याशिवाय राहत नाही. तुमच्या बाबांच्या भटकंतीत असे चार-पाच बहर येऊन गेले असतील. त्या त्या वर्षी घरात काय चाललं होतं ते शेजारी मांडून पाहा: तुमचा जन्म, भावाची शाळा, कारखान्यातला संप असेल तर तो, आईचं ऑपरेशन, तुमचं लग्न. जन्म-शिक्षण-नोकरीच्या क्रमापेक्षा हा क्रम मला जास्त खरा वाटतो. स्मरणिकेत असाच घ्या असा आग्रह नाही. पण निदान स्वतःपुरता कागदावर मांडा, डोकं मोकळं होईल.

आता रागाचं. तो येतो यात मला काही वावगं दिसत नाही. दहावीच्या पेपरच्या आदल्या दिवशी बाप घरात असावा ही काही फार मोठी मागणी नव्हती. ते रतनगडावर होते, तुम्ही घरी होतात, आणि त्या दिवसाचं तुमचं पारडं कुठल्याही डब्याने समान होत नाही. डबा आणि रतनगड एकमेकांतून वजा करून बाकी काढायचा नाद सोडा. तो एकच माणूस होता, दोन्ही त्याचंच. घरावर जीव आणि दर रविवारी घरातून बाहेर, हे ज्यांच्या घरी घडतं त्यांना यात विसंगती वाटत नाही. पाहुण्यांना वाटते, म्हणून ते 'देवमाणूस' म्हणून विषय संपवतात.

तर स्मरणिकेत रतनगड घाला. तक्रार म्हणून नव्हे, हकिगत म्हणून. "माझ्या दहावीच्या पहिल्या पेपरच्या आदल्या दिवशी बाबा रतनगडावर होते. मी रागाने जेवले नव्हते." एवढंच, पुढे समजुतीचं वाक्य जोडू नका. 'पण नंतर मला कळलं की' हे तर नकोच. वाचणाऱ्यांत त्यांचे मित्र असतील, त्यांच्याही मुलींची दहावी अशीच कुठल्यातरी गडाखाली गेली असेल. त्यांना ते वाक्य बरोबर लागेल. काका कदाचित म्हणतील, "गेलेल्या माणसाबद्दल असं लिहितात का?" लिहितात म्हणावं, ज्याची आठवण राहावी असं वाटतं त्याच्याबद्दल लिहितात.

आईकडे वळते, कारण पत्रातलं सगळ्यात मोठं माणूस मला त्याच वाटल्या. "माझ्या वाट्याला चिखलाचे मोजे" असं बोलणाऱ्या बाईला काही बोलायचं नाही असं समजू नका. त्यांना कुणी विचारलेलं नाही. विचारलं असेल तर "आई, तुला बाबांबद्दल काय वाटतं?" असं विचारलं असेल, आणि या प्रश्नाला कुठलीही शहाणी बाई उत्तर देणार नाही. आईला कामातलं विचारा. शनिवारी रात्री सॅक कोण भरायचं? किती वाजता उठायचे, चहा स्वतः करायचे की तुला उठवायचे? मोबाइल नव्हता तेव्हा रात्री अकरा वाजून गेले की तू काय करायचीस? त्या वाट पाहण्याच्या रात्री हाही तुमच्या वडिलांच्या डोंगराचाच भाग आहे, आणि तो फक्त तुमच्या आईला ठाऊक आहे. मित्रांना तो ठाऊक असणं शक्यच नाही, ते त्या वेळी त्यांच्याच बरोबर एसटीत होते.

आणि खाण्याचं विचारा. डोंगरातून घरी येणारा माणूस सहसा हात हलवत येत नाही. उन्हाळ्यात करवंदं आणली असतील, पावसाळ्याच्या तोंडावर शेवळं, पुढे कुर्डू, भारंगी, चाईचा मोहर. शेवळं ज्यांनी घरी केलीत त्यांना माहीत आहे की ती नीट निवडली नाहीत आणि सोबत काकडाची आंबट फळं घातली नाहीत तर घसा असा खाजतो की पुन्हा नाव काढायला नको. शहरात वाढलेल्या बाईला हे कुणी शिकवलं असेल? पहिल्यांदा केली तेव्हा सगळ्यांचे घसे धरले का? तुमच्या घरी शेवळं आली नसतील तर दुसरं काही आलं असेल. चार पानांतलं अर्धं पान त्या भाजीच्या कृतीला द्या, आईच्या शब्दांत, आईच्या नावाने. डोंगर तुमच्या स्वयंपाकघरात कुठल्या दाराने आला ते त्यातून कळेल, आणि स्मरणिकेत आई 'मागे पत्नी, एक मुलगा, एक मुलगी असा परिवार' एवढ्यापुरत्या उरणार नाहीत. मोज्यांचं वाक्यही घ्यावं असं मला फार वाटतं, पण ते त्यांना विचारून. नको म्हणाल्या तर नको.

मित्रांकडूनही असंच काढून घ्या. त्यांनी व्हॉट्सअॅपवर 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि दोन हात जोडून झालेत, त्यात त्यांचा दोष नाही, त्यांनाही साचाच येतो. त्यांना नेमकं विचारा. कुणी दमलं की बाबा काय करायचे, थांबायचे की ओरडायचे? कुणावर कधी भडकले? वाट चुकल्यावर ती चुकलीय हे कबूल करायला किती वेळ घ्यायचे? पाण्याच्या बाटलीतला शेवटचा घोट कुणाला द्यायचे? चहा कसा करायचे, आणि खरं सांगा, तो चांगला व्हायचा का? फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. पण श्राद्धाच्या दिवशी हॉलमध्ये नको, तिथे सगळे गळा काढून बोलतात. एखाद्या रविवारी सकाळी त्यांच्याबरोबर सिंहगड चढायला जा. चालताना माणूस समोरच्याच्या तोंडाकडे बघत नाही, म्हणून बरं बोलतो.

आता ज्या ओळीने मला सगळ्यात जास्त अस्वस्थ केलं ती. गुंजवण्यातल्या त्या घरी कळवलं का, हे आठवत नाही म्हणता. बहुतेक कळवलेलं नाही. मित्रांना वाटलं असेल घरच्यांनी सांगितलं, घरच्यांना वाटलं मित्रांनी. ते घर गेली दोन-तीन वर्षं समजून असेल की साहेब आता थकले, येत नाहीत. ज्या माउलीने अवेळी चूल पेटवून त्यांना पिठलं-भाकरी वाढली, त्यांच्या सॅका ओसरीवर ठेवून घेतल्या, अंधार पडला तर पोराला बॅटरी घेऊन वाटेवर पाठवलं असेल, तिला ही बातमी पोचलेली नाही. वर्षश्राद्ध, पाटी, स्मरणिका हे सगळं नंतर. आधी तिथे जा.

फोनवर उरकू नका. पुण्याहून सातारा रस्त्याने नसरापूर फाटा, तिथून आत वळून मार्गासनीवरून गुंजवणे. सकाळी निघालात तर दुपारच्या जेवणाला पोचाल. पण न सांगता जेवायला जाऊ नका, आधी निरोप धाडा, नाहीतर त्या घराची धांदल उडेल. आईला बरोबर न्या. गड चढायचा आग्रह त्यांना अजिबात करू नका. मुलांना 'आईला एकदा तरी बाबांचा गड दाखवू' अशी हौस येते आणि गुडघे आईचे जातात. गावातून गड दिसतो, तेवढा पुष्कळ. त्या घरी तुम्ही बोलू नका, ऐका. तुमच्या वडिलांनी घरच्यांबद्दल तिथे काय काय सांगितलं असेल ते तुम्हाला कुठल्याच वहीत मिळणार नाही. माणसं घरी डोंगराबद्दल बोलतात आणि डोंगरात घराबद्दल. तुमच्या दहावीचे मार्क त्या घराला माहीत असले तर मला आश्चर्य वाटणार नाही.

हातात काय न्यायचं, हा प्रश्न पडेल. पाकीट नको, निदान पहिल्या भेटीत नको. त्या घरातल्या माणसांबरोबर बाबांचा फोटो असेल तर तो मोठा करून, फ्रेम करून न्या. भटके लोक फोटो काढतात आणि 'पाठवतो' म्हणून कधीच पाठवत नाहीत, सह्याद्रीच्या पायथ्याच्या गावागावांत ही उधारी पडून आहे.

भावाच्या पाटीबद्दल मी ठाम आहे: नको. राजगड हे राज्य सरकारचं संरक्षित स्मारक आहे, राज्याचा प्राचीन स्मारकांचा १९६० चा कायदा त्याला लागू आहे आणि पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या परवानगीशिवाय तिथे खिळा ठोकणंही बेकायदा आहे. त्यातून जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जे बारा मराठा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले त्यांत राजगड आहे. म्हणजे देखरेख आता आणखी वाढणार. समजा, उद्या कुणाच्या डोळ्यांवर न येता पाटी बसलीही. पद्मावती माचीवर सईबाई राणीसाहेबांची समाधी आहे. त्या माचीवर आपल्या बाबांचं नाव ग्रॅनाइटवर कोरून लावायचं, हे तुमच्या बाबांना स्वतःला सोसलं असतं का? 'अमुक लव्हज तमुक' कोरणाऱ्यांवर ते कसे बोलायचे हे भावाला विचारा. मला ते ऐकल्याशिवाय अंदाज आहे.

पण भावाशी हे कायद्याचं पुस्तक उघडून बोलू नका. तो बडोद्याला आहे, आजारपणात इथे नव्हता, आता त्याला कुठेतरी जाऊन उभं राहता येईल अशी एक जागा हवी आहे. ती गरज खोटी नाही. दगड घेतलाच असेल तर गुंजवण्यात तो कामाला येऊ शकतो. शाळेच्या अंगणात किंवा एसटीच्या थांब्याजवळ एक साधा बाक करा, ग्रामपंचायतीला रीतसर विचारून. शेवटच्या गाडीची वाट बघत जिथे भटके ताटकळतात तिथे बसायची सोय झाली, तर तुमच्या वडिलांच्या रविवारच्या संध्याकाळींशी त्याचं नातं आहे. नाव लिहायचं तर बारीक लिहा. गडावरच काही करायचं असेल तर टाक्यांतला गाळ काढायला, पडलेले दगड उचलायला श्रमदान करणारे गट आहेत, ते संचालनालयाची परवानगी घेऊन काम करतात. भावाने वर्षातून एकदा येऊन त्यांच्याबरोबर घमेली वाहावीत. घाम निघाल्यावर पाटीचं भूत उतरतं असा माझा अनुभव आहे.

'झाडं लावू' असंही कुणीतरी सुचवेलच. गडाच्या माचीवर नको. तिथलं गवत आणि पावसाळी फुलं हेच तिथलं जंगल आहे. गावात कुणाच्या बांधावर लावायची तर जांभूळ, आंबा, हिरडा लावा, गुलमोहर नको. आणि पहिले तीन उन्हाळे पाणी कोण घालणार, गुरांपासून कोण राखणार, हे ठरल्याशिवाय खड्डाही खणू नका. पाच मेलेल्या रोपांच्या जाळ्यांवर वडिलांचं नाव लटकलेलं बघणं वाईट.

अस्थी पद्मावती तळ्यात सोडायची कल्पना मित्रांच्या मायेतून आली असली तरी ती त्यांना सोडायला लावा. गडावरचं पाणी पिढ्यान्‌पिढ्या साठवून ठेवलेलं पाणी आहे, तिथे चढून येणारा माणूस त्याच्याच भरवशावर असतो. मित्र जुने भटके आहेत, एवढं म्हटलं की उमजतील. मला दुसरं सुचतं. गडाखालून गुंजवणी नदी वाहते. ती पुढे नीरेला मिळते, नीरा नरसिंहपूरला भीमेत जाते, आणि तिथून खाली पंढरपूर लागतं. तुमच्या आई दर कार्तिकीला ज्या चंद्रभागेत पाय धुतात तिच्यात राजगडाखालचं पाणी आहे. हे त्यांना कुणी सांगितलंय का? डबीतली राख गुंजवणीत, वाहत्या धारेत सोडायची का, हा निर्णय त्यांच्यावर सोपवा. नदी कुठून कुठे जाते तेवढं सांगा आणि गप्प बसा. त्या म्हणाल्या की आपण पंढरपूरलाच नेऊ, तर मित्रांनी पंढरपूरला जावं. इतकी वर्षं त्यांनी दुसरीच्या नवऱ्याला रविवारी पळवलं, एक रविवार परत द्यायला हरकत नाही.

काकांचं म्हणणं मान्य करून टाका. वर्षश्राद्ध तिथीला, रीतीप्रमाणे, भटजी बोलावून होऊ द्या. त्याचा बाकी कशाशी झगडा नाही. स्वतःचा भाऊ गेल्यावर काकांना धरायला एक विधीच उरलाय, तो त्यांच्या हातून काढून घेऊ नका.

माळ्यावरच्या सामानात दोर सगळ्यात आधी बाजूला काढा. नायलॉनचा दोर वापरला नसला तरी वयाने कमजोर होतो. बनवणारेच दहा वर्षांच्या पुढे वापरू नका म्हणतात, आणि वापरलेल्याचं आयुष्य त्याहूनही कमी. 'बाबांचा दोर' म्हणून कुणा हौशी पोराला प्रेमाने देऊन टाकलात, तर तो त्यावर लटकेल. तसं होऊ देऊ नका. सरळ तुकडे करा. एखादा हात-दोन हातांचा तुकडा ठेवायचा तर ठेवा, बाकी टाकून द्या. कॅराबिनर (दोर अडकवायच्या कड्या) वगैरे लोखंडी-अॅल्युमिनियमचं सामान त्यांच्या गटातल्या जाणकाराला दाखवल्याशिवाय कुणाला देऊ नका. सॅक भाच्याला-पुतण्याला चालेल.

नकाशांची गोष्ट निराळी. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या टोपोशीट असतील, एका सेंटिमीटरला अर्धा किलोमीटर या मापाच्या. त्यांवर पेन्सिलच्या खुणा असतील: इथे पाणी मार्चपर्यंत, ही नाळ (डोंगरातली घळ) बंद, इथे धनगरवाडा. ही माहिती छापलेल्या नकाशात नसते आणि आजच्या मोबाइलमधल्या नकाशात तर नसतेच. अनेक घाटवाटा आता मोडल्यात, कारण गावाला रस्ता आला आणि त्या वाटेने डोईवर ओझं घेऊन जाणारं कुणी उरलं नाही. त्यांच्या वाटाड्यांची पिढीही सरली. हे काम भावाला द्या. नकाशे आणि वह्या नीट स्कॅन करणं बडोद्यात बसूनही होतं, आणि बापाच्या अक्षराशी दोन-तीन महिने बसल्यावर त्याला त्या अक्षरातच भेटायची जागा सापडेल. स्कॅन केलेली एक प्रत त्यांच्या गटाला द्या. मूळ कागद घरी, सपाट, प्लास्टिकच्या पिशवीत न कोंबता. फोटोंच्या मागे पेन्सिलने नावं लिहून घ्या, बॉलपेनने नको, शाई पुढे उतरते. ते आत्ताच करा, चेहरे ओळखणारी माणसं हयात आहेत तोवर. निगेटिव्ह असतील तर त्या पावसाळ्यात बुरशी धरतात, त्यांच्यापासून सुरुवात करा.

स्मरणिकेच्या चार पानांत आता काय काय आलं ते पाहते आहे: पहिल्या पानावर सोमवारचा डबा. मग वहीतलं एक पान, त्यांच्याच अक्षरात, जसंच्या तसं छापलेलं. निवडताना भारी चढाईचं निवडू नका, कंटाळवाणं निवडा, ज्यात पाऊस आणि एसटी उशिरा. मग रतनगड. मग मित्रांनी सांगितलेलं, पण फक्त तेच ज्यावर निदान दोघांचं एकमत आहे, कारण डोंगरातल्या गोष्टी दर वर्षी शंभर फूट उंच होतात. मग आईचं अर्ध पान. फोटो एकच, तोही शिखरावर हात कमरेवर ठेवलेला नको. असे सगळ्यांचेच असतात. ताटावर बसलेला, नाहीतर बुटांची नाडी बांधताना मान खाली घातलेला असेल तर बघा. जन्मतारीख, गाव, नोकरीची वर्षं शेवटच्या पानावर तळाला चार ओळींत येऊ द्या. कवितेची ओळ, 'आभाळाएवढा', 'सह्याद्रीचा सुपुत्र' यांतलं काही घालायचा मोह झाला तर त्या जागी त्यांच्या बुटांचा नंबर लिहा, तो जास्त खरा.

प्रती मोजताना गुंजवण्यासाठी पाच-दहा जास्त काढा. तिथे सगळ्यांना वाचता येतं असं धरूनही एक प्रत त्या घरी तुम्ही स्वतः मोठ्याने वाचून दाखवा. काही चुकलं असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त करतील, म्हणून छापण्याआधी गेलात तर उत्तम.

भाऊ वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी येणार असेल तर त्याला दोन दिवस आधी बोलवा आणि तुम्ही दोघं गडावर जाऊन या. गुंजवण्यातून चोर दरवाज्याची वाट अंगावरची आहे, शेवटच्या टप्प्यात रेलिंग धरून चढावं लागतं. सवय नसेल तर पाली दरवाज्याने जा, त्या बाजूला पायऱ्या आहेत आणि वाट रुंद आहे. मार्गशीर्षात हवा चांगली असते, पण वर ऊन लागतं, पाणी दोन-दोन लिटर घ्या.

स्मरणिकेची एक प्रत मलाही पाठवा. शेवळाची कृती असली तर आधी.